कै. बाळासाहेब खेर आणि एका भाषेची अपेक्षा

ज्ञातीतील एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचा परिचय प्रतिवर्षी या स्मरणिकेत देण्याचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी आम्ही कै. बाळ गंगाधर तथा बाळासाहेब खेर यांचे चरित्र निवडले आहे. स्वातंत्र्योत्तर मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. आम्हांस मात्र विशेषेकरून सांगावयाचे आहे ते त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांतील कार्याविषयी. अनेक भाषांच्या या देशात प्रत्येकास एक भाषा आलीच पाहिजे, अशी अपेक्षा राष्ट्राने धरावी काय, आणि धरल्यास ती कोणाकडून, हा प्रश्न त्या काळात त्यांच्यापुढे निर्णयासाठी आला होता. तो अद्याप मिटलेला नाही.

बाळासाहेबांचा जन्म दि. २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व नंतर मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. इ. स. १९०८ मध्ये ते बी. ए. झाले. संस्कृत हा त्यांचा आवडता विषय असून त्यातील भाऊ दाजी पारितोषिक त्यांनी पटकाविले होते. पुढे कायद्याची परीक्षा देऊन त्यांनी हायकोर्टाचे न्यायमूर्ती बीमन यांचे साहाय्यक म्हणून काही काळ काम केले, आणि १९१८ साली ‘मणिलाल खेर आणि कंपनी’ या सॉलिसिटरांच्या पेढीचे ते भागीदार झाले. पेढीच्या पाटीवर एक गुजराती व एक मराठी नाव शेजारी शेजारी, ही त्या काळच्या मुंबईची साधी रीत होती.

स्वराज्य पक्षातील कार्य, १९३० व १९३२ चे कारावास आणि त्यानंतरची धकाधकी यांचा विस्तार येथे करीत नाही. १९३७ साली काँग्रेसने प्रांतिक मंत्रिमंडळे स्वीकारली तेव्हा मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधानपद त्यांच्याकडे आले. १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४६ पासून १९५२ पर्यंत पुन्हा तेच प्रमुख होते. स्वभावाने ते इतके ऋजु होते की, विरोधकही त्यांस सज्जन म्हणूनच ओळखीत.

ज्या राज्याचा कारभार त्यांनी हाकला ते एका भाषेचे नव्हते. सुरतेचा शेतकरी गुजराती बोले, साताऱ्याचा मराठी, धारवाडचा कानडी. आणि या तिघांचा सरकारशी होणारा महत्त्वाचा पत्रव्यवहार चाले तो चौथ्याच भाषेत, म्हणजे इंग्रजीत. शेकडा नव्व्याण्णव लोकांस न कळणाऱ्या भाषेत लोकांचे राज्य चालावे, ही विसंगती बाळासाहेबांस मनापासून सलत असे. पुणे, कर्नाटक आणि गुजरात या तीन विद्यापीठांचे कायदे त्यांच्याच कारकीर्दीत झाले. शाळांतून इंग्रजी पाचवीऐवजी आठवीपासून शिकविण्याचे धोरणही त्यांच्याच सरकारचे. या धोरणाबद्दल त्यांस पुष्कळ शिव्याशाप मिळाले. ऐंशी ओलांडलेले आपले काही ज्ञातिबांधव अजूनही संमेलनात भेटले की, खेरांनी आमचे इंग्रजी बुडविले, अशी तक्रार अस्खलित इंग्रजीत करतात! तक्रार सर्वस्वी खोटी नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी होते त्यांचे त्यावाचून काही अडले नाही. ज्यांच्या घरी ते नव्हते अशी मुले कॉलेजात गेल्यावर गोंधळली. शाळेची भाषा बदलली, पण कॉलेजाची व नोकरीची भाषा तीच राहिली, हा त्या धोरणातील खरा दोष होता.

दि. १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीने भाषेचा प्रश्न एका तडजोडीने सोडविला. देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा, आणि पंधरा वर्षे इंग्रजीचा वापर चालू. घटनेने राष्ट्रभाषा असा शब्द कोठेही वापरलेला नाही. तिने सरकारी कामकाजाची भाषा ठरविली, नागरिकाने कोणती भाषा बोलावी हे ठरविले नाही. हा भेद आपल्याकडे नेहमी विसरला जातो. पाच वर्षांनंतर या विषयाचा आढावा घेण्यासाठी आयोग नेमावा, अशी तरतूद होती. त्यानुसार ७ जून १९५५ रोजी एकवीस जणांचा राजभाषा आयोग नेमण्यात आला, आणि लंडनमधील हायकमिशनरपद सांभाळून नुकतेच परतलेले बाळासाहेब त्याचे अध्यक्ष झाले. वय सदुसष्टीकडे झुकलेले होते. देशभर हिंडून शेकडो लोकांच्या साक्षी घेऊन आयोगाने ३१ जुलै १९५६ रोजी आपला अहवाल राष्ट्रपतींस सादर केला.

अहवालाचा एक भाग आम्हांस आजही निर्विवाद वाटतो. लोकशाहीत कचेरी, न्यायालय व शाळा लोकांच्या भाषेत चालली पाहिजेत, आणि राज्याराज्यांतून तेथील भाषेस ते स्थान मिळाले पाहिजे, हे त्यात ठामपणे मांडले आहे. दुसरा भाग वादाचा. केंद्राचा व राज्याराज्यांतील व्यवहार कालांतराने हिंदीत व्हावा, त्यासाठी देशातील प्रत्येक माध्यमिक विद्यार्थ्यास हिंदी शिकविली जावी, असे बहुमताने सुचविले. मग हिंदी प्रांतांतील मुलांनी एखादी दक्षिणी भाषा शिकावी काय? तशी सक्ती करणे आयोगास योग्य वाटले नाही.

येथेच दोन सभासदांनी आपली भिन्न मते नोंदविली. एक बंगालचे भाषाशास्त्रज्ञ डॉ. सुनीतिकुमार चटर्जी, दुसरे मद्रासचे डॉ. पी. सुब्बरायन. यांस हिंदीद्वेष्टे म्हणावयाची सोय नव्हती. चटर्जींनी पूर्वी हिंदीचा पुरस्कार केलेला होता. आणि १९३८ साली राजाजींच्या मंत्रिमंडळाने मद्रास इलाख्यातील शाळांत हिंदी सक्तीची केली तेव्हा शिक्षणमंत्री होते ते हेच सुब्बरायन. त्या सक्तीविरुद्ध उठलेले आंदोलन, त्यातील अटका व तुरुंगातील मृत्यू त्यांनी मंत्रिपदावरून पाहिले होते. अनुभवाने शहाणा झालेला मनुष्य सावध करीत होता. घाई करू नका, अहिंदी प्रजेस दुय्यम नागरिकत्व आल्यासारखे वाटेल, हा त्या भिन्नमतांचा आशय.

बाळासाहेबांस हे का पटले नसावे? आमचा तर्क असा की, मराठी मनुष्यास हिंदी स्वस्तात मिळते. लिपी तीच, संस्कृत शब्द तेच. ज्याने संस्कृतात पारितोषिक मिळविले त्यास तर ती जवळजवळ फुकटच. मदुरेच्या मुलास मात्र लिपी, उच्चार, व्याकरण सारेच नव्याने उचलावे लागते, आणि नोकरीच्या परीक्षेत त्याची गाठ पडते ती ज्यास ही भाषा आईकडून मिळाली त्याच्याशी. सज्जन मनुष्यासही दुसऱ्याच्या पाठीवरील ओझ्याचे वजन नेहमी कळतेच असे नाही. तथापि एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. १९६५ पर्यंत इंग्रजी हटविता येईलच असे वचन आयोगाने दिले नाही, आणि केंद्रातील तिच्या वापरावर तूर्त बंधन घालू नये असेच सुचविले.

अहवाल संसदेपुढे येण्यापूर्वीच, ८ मार्च १९५७ रोजी, पुणे येथे बाळासाहेबांचे देहावसान झाले. पुढे अहवालाच्या परीक्षणासाठी नेमलेल्या संसदीय समितीचे अध्यक्षपद पं. गोविंद वल्लभ पंत यांच्याकडे गेले. पंतांचे पूर्वज महाराष्ट्रातून कुमाऊंत गेले, अशी त्या घराण्यातील परंपरा असल्याने हा योगायोग आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात नेहमी येत असे. १९५९ साली पंडित नेहरूंनी लोकसभेत अहिंदी राज्यांस इंग्रजीविषयी आश्वासन दिले, १९६३ मध्ये राजभाषा कायदा झाला. तरीही जानेवारी १९६५ मध्ये मुदत संपताच मद्रास राज्यात आगडोंब उसळला व अनेकांचे प्राण गेले. अखेर १९६७ च्या दुरुस्तीने ते आश्वासन कायद्यात आले. म्हणजे देश चालला तो पुष्कळ अंशी त्या दोन भिन्नमतवाल्यांच्या वाटेने. १९६८ च्या त्रिभाषा सूत्राने हिंदी राज्यांतील मुलांनी शक्यतो दक्षिणेची एक भाषा शिकावी असेही म्हटले. परंतु पुष्कळ ठिकाणी त्या जागी संस्कृत बसवून प्रश्न निकालात काढण्यात आला.

महाराष्ट्रात आम्ही या साऱ्याकडे दुरून पाहत होतो, आणि तमिळ लोकांचा हट्ट म्हणून हसतही होतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला तेव्हा तेच ओझे आपल्या दारी आले. सहा वर्षांच्या मुलास तीन भाषा कशासाठी, असे आपल्या घराघरांतून विचारले जाऊ लागले. विरोध वाढला आणि जूनअखेर निर्णय मागे घेण्यात आला. त्या दिवशी संघाच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. पेढे घेणाऱ्यांपैकी एका गृहस्थांस आम्ही सहज विचारले की, आपला नातू कोणत्या शाळेत आहे? नातू इंग्रजी शाळेत होता, आणि आजोबांचे पत्र त्यास वाचून दाखवावे लागत होते.