हेन्री ड्यूनंट : शुश्रूषेपासून कायद्यापर्यंत

प्रस्तावना

युद्धाची बातमी वाचताना आज आपण किती सैनिक पडले एवढेच पाहत नाही. किती सामान्य माणसे मारली गेली, रुग्णालयावर तोफगोळे पडले का, वेढलेल्या शहरात अन्न पोहोचले का, हेही आपण शोधतो. ज्याने शस्त्र हाती घेतलेले नाही त्याच्यावर शस्त्र चालवू नये, ही नैतिक धारणा फार जुनी आहे. राष्ट्राराष्ट्रांना बांधणारा लिखित कायदा म्हणून मात्र ती अगदी अलीकडची आहे. या कायद्याचा आरंभ ज्यांच्या आयुष्याशी जोडला जातो, त्या हेन्री ड्यूनंट यांचे चरित्र आपण या पाठात अभ्यासणार आहोत. वाचताना एक प्रश्न मनाशी धरा. ज्या सामान्य नागरिकांच्या मदतीवर ड्यूनंट यांचे कार्य उभे राहिले, त्याच नागरिकांना कायद्याचे संरक्षण सर्वांत उशिरा का मिळाले?

घडण आणि व्यवसाय

ड्यूनंट यांचा जन्म ८ मे १८२८ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे एका सुस्थितीतील, धर्मनिष्ठ कुटुंबात झाला. दीनदुबळ्यांची सेवा हे घरचेच संस्कार होते. शालेय शिक्षणात त्यांना यश लाभले नाही. शाळा सोडून ते एका पेढीवर उमेदवारी करू लागले. तरुण ख्रिस्ती मंडळींची संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि लोकांना एकत्र आणण्याचे, पत्रव्यवहाराने दूरदूरच्या माणसांना जोडण्याचे कसब त्यांना येथेच साधले.

पुढे पेढीच्या कामानिमित्त ते फ्रेंचांच्या ताब्यातील अल्जीरियात गेले. तेथे जमिनीची सवलत मिळवून त्यांनी पिठाच्या गिरण्यांचा उद्योग आरंभला. आवश्यक ती जमीन व पाण्याचे हक्क वसाहतीचे अधिकारी देईनात, तेव्हा थेट सम्राट तिसरा नेपोलियन यांनाच भेटण्याचे त्यांनी ठरविले. सम्राट त्या वेळी उत्तर इटलीत ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात गुंतलेले होते. ड्यूनंट तेथे निघाले ते स्वतःच्या व्यवसायाचे गाऱ्हाणे घेऊन, हे लक्षात ठेवा. चरित्रनायक आरंभापासूनच महात्मा असतो, असे मानून चरित्र वाचू नये. येथे तर ज्या जमिनीसाठी ही धडपड चालली होती, ती परकीय सत्तेने जिंकलेल्या देशातील होती.

सोल्फेरिनो आणि कास्तिल्योने

२४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनो येथे एका बाजूला फ्रान्स व सार्डिनिया आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया अशी घनघोर लढाई झाली. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ४०,००० सैनिकांची हानी झाली. ड्यूनंट त्या संध्याकाळी जवळच्या कास्तिल्योने या गावी पोहोचले. सैन्याची वैद्यकीय व्यवस्था एवढ्या संहारापुढे कोलमडली होती. गाड्या भरभरून आलेले जखमी चर्चमध्ये, घरांत, रस्त्यावर पडलेले होते. त्यांना पाणी पाजायलाही कोणी नव्हते.

ड्यूनंट वैद्य नव्हते. त्यांनी हाताशी असलेल्या माणसांना कामाला लावले. गावातील स्त्रिया, मुली, मुले, वाटसरू पुढे आले. त्यांनी जखमा धुतल्या, पाणी व पेज दिली, मरणाऱ्यांचे घरच्यांसाठीचे निरोप ऐकून घेतले. ज्या स्त्रिया फ्रेंचांवर उपचार करीत होत्या, त्याच ऑस्ट्रियन जखमींवरही करू लागल्या. सारेच आपले भाऊ, ही भावना गावभर पसरली. कैद झालेल्या ऑस्ट्रियन वैद्यांना उपचारासाठी मोकळे करावे, अशी विनंती ड्यूनंट यांनी फ्रेंचांना केली आणि ती मान्य झाली.

या प्रसंगाने ड्यूनंट यांना दोन गोष्टी शिकविल्या. परोपकारी माणसे सर्वत्र असतात, ही पहिली. पूर्वतयारी आणि पूर्वसंमती नसेल तर तो परोपकार अपुरा पडतो, ही दुसरी. पहिल्या गोष्टीने त्यांना दिलासा मिळाला असेल. त्यांच्या कार्याला दिशा दिली ती दुसऱ्या गोष्टीने.

पुस्तक, समिती आणि करार

१८६२ साली ड्यूनंट यांनी सोल्फेरिनोच्या आठवणींचे पुस्तक स्वखर्चाने छापले आणि युरोपातील राजेरजवाडे, सेनानी व विचारवंत यांना पाठविले. त्यात त्यांनी दोन मागण्या मांडल्या. प्रत्येक देशात शांततेच्या काळातच प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या संस्था असाव्यात, आणि जखमी व त्यांची सेवा करणारे यांना संरक्षण देणारा पवित्र करार राष्ट्रांनी आपसांत करावा.

जिनिव्हातील वकील ग्युस्ताव मोयनिए यांनी या मागण्या मनावर घेतल्या. फेब्रुवारी १८६३ मध्ये मोयनिए, जनरल द्युफूर, डॉ. आपिया, डॉ. मोन्वार आणि ड्यूनंट अशा पाच जणांची समिती कामाला लागली. तीच पुढे रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती झाली. २२ ऑगस्ट १८६४ रोजी १२ राज्यांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. करार अवघ्या दहा कलमांचा होता. जखमी सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्यावर उपचार व्हावेत, वैद्यकीय पथके व रुग्णालये तटस्थ मानावीत आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल क्रूस ही त्यांची खूण असावी, असे त्यात ठरले.

करारात नागरिकाचे स्थान

आता या कराराचे पाचवे कलम विशेष लक्ष देऊन पाहा. जखमींना मदत करणाऱ्या स्थानिक रहिवाशांचा आदर राखावा व त्यांना मोकळे ठेवावे, असे ते सांगते. ज्या घरात जखमी सैनिक ठेवला असेल त्या घराला संरक्षण मिळेल, असेही त्यात आहे. कास्तिल्योनेच्या स्त्रियांची ही कायद्याने घेतलेली नोंद होय. परंतु शब्दांची मर्यादा ओळखा. शेतकऱ्याचे घर सुरक्षित राहते ते आत सैनिक आहे म्हणून. शेतकरी, त्याची बायको आणि मुले स्वतःच्या अधिकाराने कोठेही संरक्षित नाहीत. कायद्याच्या दारी नागरिक प्रथम आला तो सेवक म्हणून.

याचे कारण समजण्याजोगे आहे. जखमी सैनिक हा प्रत्येक सरकारचा आपलाच माणूस होता आणि तो लढाईतून बाद झालेला होता. त्याला वाचविल्याने युद्ध करण्याच्या रीतीत फारसा बदल करावा लागत नव्हता. नागरिकांना संरक्षण द्यायचे तर शहराला वेढा घालणे, वस्तीवर तोफा डागणे, जिंकलेल्या प्रदेशातून माणसे हलविणे यांवर बंधने आली असती. ती स्वीकारायला राज्ये तयार नव्हती.

दिवाळे आणि विजनवास

करार होत असताना अल्जीरियातील व्यवसाय मात्र बुडत होता. १८६७ साली ड्यूनंट यांचे दिवाळे निघाले. ज्यांचे पैसे बुडाले त्यांत जिनिव्हातील स्नेहीसोबतीही होते. पुढच्या वर्षी तेथील व्यापारी न्यायालयाने त्यांच्यावर फसवणुकीचा ठपका ठेवला. समितीने त्यांना आपल्यातून दूर केले आणि मोयनिए यांच्याशी असलेली तेढ कायमची झाली. ते जिनिव्हा सोडून गेले ते पुन्हा परतले नाहीत.

पॅरिसमध्ये हलाखीत दिवस कंठतानाही त्यांचा ध्यास सुटला नाही. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटले, तेव्हा काही शहरे तटस्थ ठरवून जखमींना तेथे आश्रय द्यावा, अशी सूचना त्यांनी फ्रान्सच्या सम्राज्ञीपुढे मांडली. ती अमलात आली नाही. पुढे युद्धकैद्यांच्या संरक्षणासाठीही त्यांनी खटपट केली. त्यानंतरची अनेक वर्षे त्यांनी गावोगाव भटकत, विस्मृतीत काढली. १८८७ साली ते स्वित्झर्लंडमधील हायडेन या खेड्यात आले आणि १८९२ पासून तेथील रुग्णालयातच राहिले. १८९५ मध्ये एका पत्रकाराने त्यांच्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे हा माणूस अजून हयात आहे, हे जगाला कळले.

शस्त्रांवरील मर्यादा

याच काळात शस्त्रांवरही बंधने घालण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. ४०० ग्रॅमहून कमी वजनाची स्फोटक अस्त्रे युद्धात वापरू नयेत, असे १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेने ठरविले. १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात शिरताच पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. या गोळ्यांना डमडम हे नाव पडले ते कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यावरून. भारताच्या वायव्य सरहद्दीवर त्या वापरल्या गेल्या होत्या आणि बंदीला ब्रिटनने त्या वेळी विरोध केला होता. युरोपीय सैनिकासाठी क्रूर ठरणारे शस्त्र वसाहतीतील माणसावर चालते, हा दुटप्पीपणा येथे उघड दिसतो.

अखेर आणि वारसा

१९०१ साली पहिले नोबेल शांतता पारितोषिक ड्यूनंट आणि फ्रेंच शांततावादी फ्रेडरिक पासी यांना विभागून मिळाले. युद्ध सुसह्य करणाऱ्याला शांततेचा सन्मान द्यावा काय, हा वाद त्या वेळीही झाला. ३० ऑक्टोबर १९१० रोजी हायडेन येथे ड्यूनंट यांचे निधन झाले. गावातील गरीब रुग्णांसाठी तेथील रुग्णालयात एक खाट विनामूल्य असावी, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती.

नागरिकांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. शत्रूच्या ताब्यातील नागरिकांविषयीचा मसुदा १९३४ साली टोकियो येथील रेड क्रॉस परिषदेत संमत झाला. त्याचा करार होण्यापूर्वीच दुसरे महायुद्ध भडकले. त्यातील संहारानंतर १२ ऑगस्ट १९४९ रोजी चौथा जिनिव्हा करार झाला. तो सर्वस्वी नागरिकांसाठी आहे. ओलीस धरणे, सामूहिक शिक्षा आणि सक्तीचे स्थलांतर त्याने निषिद्ध ठरविले. जखमी, वृद्ध, मुले व माता यांच्यासाठी सुरक्षित क्षेत्रे ठरविण्याची तरतूदही त्यात आली. ड्यूनंट यांची १८७० ची सूचना येथे आठवावी. भारताने १९५० साली या करारांना मान्यता दिली आणि १९६० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

सारांश

पहिल्या करारापासून चौथ्या करारापर्यंत ८५ वर्षे गेली. नियम मोडले जातात, हे आपण रोज पाहतो; तरीही नियम लिहिलेला असला म्हणजे उल्लंघनाला गुन्हा म्हणता येते आणि जाब मागता येतो. दयेला कायद्याचे रूप द्यावे लागते, हे ड्यूनंट यांनी ओळखले. तो कायदा ज्यांना वगळतो त्यांचा शोध पुढच्या पिढ्यांना घ्यावा लागतो, हे त्यांच्या चरित्रातून आपण शिकतो.

स्वाध्याय

१. कास्तिल्योने येथील अनुभवातून ड्यूनंट यांच्या दोन मागण्या कशा निर्माण झाल्या, ते स्पष्ट करा.
२. १८६४ च्या करारातील पाचव्या कलमाचे महत्त्व आणि मर्यादा सांगा.
३. चरित्रनायकाच्या व्यावसायिक अपयशाची व दोषांची नोंद चरित्रात असावी का? या पाठाच्या आधारे तुमचे मत लिहा.