रॉबर्ट स्मॉल्स : सुकाणू हाती घेणारा गुलाम

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतो. त्याच वर्षी अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या सिनेटमध्ये एक सभासद असा होता, ज्याचा जन्मच गुलाम म्हणून झाला होता. त्याचे नाव रॉबर्ट स्मॉल्स. दोर, शिडे आणि सुकाणू यांत तरबेज असलेला कष्टकरी, जिवावर उदार होणारा धाडसी नाविक आणि पत्नी-मुलांना सोडून एकट्याने मुक्त होण्यास तयार नसलेला कुटुंबवत्सल पुरुष, अशी त्याची तिहेरी ओळख करून देता येईल.

रॉबर्टचा जन्म ५ एप्रिल १८३९ रोजी ब्यूफर्ट या किनाऱ्यावरील गावी, मालकाच्या घरामागील खोपटात झाला. आई लिडिया ही मॅकी नावाच्या कुटुंबाच्या घरात राबणारी गुलाम होती. मालकाच्या घरात मुलाचे त्यामानाने बरे चालले होते, आणि लिडियाला नेमकी त्याचीच चिंता वाटे. हा सुखात वाढला तर गुलामगिरी म्हणजे काय हे त्याला कळणारच नाही, म्हणून तिने त्याला गुलामांचा बाजार आणि फटके मारण्याचा खांब मुद्दाम पाहावयास लावला, असे त्या कुटुंबात सांगितले जाई. गुलामाला गुलामीची जाणीव करून देण्याचे काम त्या निरक्षर मातेने स्वतःच्या घरी केले.

बाराव्या वर्षी मालकाने त्याला चार्ल्सटन शहरात मजुरीसाठी पाठविले. कष्ट रॉबर्टचे, मजुरी मालकाची. त्याच्या हाती आठवड्याला फक्त एक डॉलर पडे. हॉटेलात वाढपी, मग रस्त्यावरचे दिवे लावणारा, मग गोदीतील हमाल अशी कामे त्याने केली. गोदीत त्याचे मन रमले. शिडे शिवणे, डोलकाठ्यांचे दोर चढविणे, जहाज चालविणे हे सर्व तो हाताने शिकला. चार्ल्सटन बंदरातील उथळ जागा, प्रवाह आणि वळणे त्याला तोंडपाठ झाली. परंतु पायलट हे मानाचे नाव गोऱ्यांसाठी राखलेले होते. तेच काम करणारा गुलाम नुसता चाक धरणारा म्हणून ओळखला जाई. काम करून घ्यायचे पण कामाचा मान द्यायचा नाही, ही रीत आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

१८५६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी त्याने हॉटेलात काम करणाऱ्या हॅना जोन्स हिच्याशी विवाह केला. हॅना दुसऱ्या मालकाची गुलाम होती. त्या काळच्या कायद्याप्रमाणे मूल आईच्या मालकाचे ठरे. त्यामुळे १८५८ साली जन्मलेली कन्या एलिझाबेथ जन्मताच दुसऱ्याची मालमत्ता झाली. मालकाला वाटेल त्या दिवशी ती विकली जाऊ शकत होती. रॉबर्टने पत्नी व मुलगी विकत घेण्याचा करार केला. किंमत ठरली ८०० डॉलर. आठवड्याला काही नाणी मागे टाकणाऱ्या गुलामाला ही रक्कम जमविण्यास किती वर्षे लागली असती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेतील राज्ये संघराज्यातून फुटून निघाली होती. त्यांच्या लष्करासाठी माल वाहणाऱ्या ‘प्लँटर’ या आगबोटीवर रॉबर्ट चाक धरत असे. बंदराबाहेर उत्तरेकडील संघराज्याच्या आरमाराने वेढा घातला होता. तेथपर्यंत पोहोचले की मुक्ती होती. मात्र वाटेत फोर्ट सम्टरसह अनेक ठिकाणी तोफा रोखलेल्या होत्या.

१२ मे १८६२ च्या रात्री बोटीवरील तिन्ही गोरे अधिकारी नियम मोडून घरी झोपावयास गेले. १३ मेच्या पहाटे, तीनच्या सुमारास, रॉबर्ट आणि त्याच्या गुलाम सहकाऱ्यांनी बोट हलविली. या वेळी थेट समुद्राकडे निघणे सर्वांत सोपे होते. पण बोट आधी दुसऱ्या धक्क्याला गेली. तेथे हॅना, मुले आणि इतरांची माणसे लपून वाट पाहत होती. त्या थांब्याने धोका कितीतरी वाढला, तरी तो टाळण्याचा विचार झाला नाही. पकडले गेलोच तर बोट बुडवायची आणि सर्वांनी बरोबरच मरायचे, असे त्यांचे आधीच ठरले होते.

रॉबर्टने कप्तानाचा कोट अंगात घातला, त्याची गवती टोपी डोक्यावर ठेवली आणि कप्तानासारखाच उभा राहिला. प्रत्येक किल्ल्यासमोर त्याने भोंग्याचा ठरलेला इशारा अचूक दिला. अंधारात पहारेकऱ्यांना नेहमीचाच कप्तान दिसला. तोफांच्या पल्ल्याबाहेर जाताच दक्षिणेचा ध्वज उतरवून पांढरी चादर चढविण्यात आली. आरमाराचे जहाज तोफ डागण्याच्या बेतात असताना ती चादर दिसली, आणि बोटीवरील पुरुष, स्त्रिया व मुले मिळून सोळा जण मुक्त झाले. चार तोफांचा माल आणि सांकेतिक खुणांची वही आरमाराच्या हाती लागली. त्या वेळी रॉबर्टचे वय होते तेवीस वर्षे.

बक्षीस म्हणून मिळालेले १५०० डॉलर घेऊन तो उत्तरेत निवांत राहू शकला असता. तो युद्धात परतला, पायलट म्हणून लढला आणि पुढे त्याच प्लँटर बोटीचा कप्तान झाला. दरम्यान, ऑगस्ट १८६२ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावे अशी मागणी करणाऱ्यांत सामील झाला. त्यानंतर पाच हजारांपर्यंत कृष्णवर्णीय सैनिक भरती करण्यास परवानगी मिळाली. १८६४ मध्ये बोटीच्या दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियात राहावे लागले, तेव्हा त्याने शिक्षक ठेवून लिहिणे-वाचणे शिकून घेतले. त्याच शहरात ट्राममध्ये आत बसण्यास मनाई करून त्याला उतरण्यास भाग पाडले गेले. या अपमानाने चळवळीला बळ मिळाले, आणि १८६७ साली त्या राज्यात हा भेदभाव कायद्याने बंद झाला.

युद्धकाळातच ब्यूफर्टमधील मॅकी कुटुंबाचे घर करवसुलीच्या लिलावात निघाले. रॉबर्टने ते विकत घेतले. ज्या घरामागील खोपटात आपण जन्मलो, त्या घरात तो आईसह राहू लागला. घरावर दुसऱ्यांनी दावा लावला, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १८७८ मध्ये जिंकला. मालकाच्या कुटुंबातील वृद्ध स्त्री भ्रमिष्ट होऊन एकदा त्या दारी आली, तेव्हा त्याने तिला आदराने घरात घेतले, असे सांगतात.

१८६८ मध्ये राज्याची नवी घटना लिहिण्यास प्रतिनिधी बसले, त्यांत रॉबर्ट स्मॉल्स होता. सर्व मुलांना सरकारी खर्चाने शाळा मिळावी, यासाठी त्याने तेथे आग्रह धरला. स्वतः विशीनंतर अक्षर गिरवलेल्या माणसाला शाळेची किंमत कोणी शिकवावी लागली नाही. पुढे तो राज्याच्या विधिमंडळात आणि १८७५ ते १८८७ या काळात पाच वेळा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. १८७७ मध्ये विरोधकांची सत्ता येताच त्याला लाचेच्या आरोपात शिक्षा झाली. नंतर माफी मिळाली.

त्याची खरी कसोटी १८९५ साली लागली. साउथ कॅरोलायनाची घटना पुन्हा लिहिली जात होती, ती कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्यासाठी. सभागृहात कृष्णवर्णीय प्रतिनिधी अवघे सहा. पराभव अटळ होता. तरीही स्मॉल्स बोलला, विरोधात उभा राहिला आणि त्या घटनेवर सही करण्यास त्याने नकार दिला. हक्क एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले असे नसते. ते राखण्यासाठी प्रत्येक पिढीला जागे राहावे लागते, हे त्याच्या आयुष्याच्या उत्तरार्धातून कळते.

हॅना १८८३ मध्ये वारली. १८९० साली त्याने ॲनी विग या शिक्षिकेशी विवाह केला. त्यांना एक मुलगा झाला. ब्यूफर्ट बंदरात जकात अधिकारी म्हणून त्याने अनेक वर्षे काम केले. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी, आपल्या त्याच घरी, तो मरण पावला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

मुलांना घरापासून दूर शिकायला ठेवणाऱ्या आपल्या पालकांतही असे हात आहेत. कोणी गवंडीकाम करतो, कोणी यंत्र दुरुस्त करतो, कोणी गाडी चालवितो. त्यांच्या कौशल्याला पुष्कळदा नाव मिळाले नाही, मोल मिळाले नाही. स्मॉल्सने त्या हातांच्या बळावर आधी आपली माणसे सोडवली आणि नंतर दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा मागितली. येथून शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने यातील दुसरा भाग विशेष ध्यानात ठेवावा. आपली बोट सुटली तरी धक्क्यावर अजून कोणी उभे आहे का, हे पाहण्याची जबाबदारी सुटत नाही.