रोहिणीचे पाणी आणि सिद्धार्थाचा गृहत्याग

सिद्धार्थाने घर का सोडले असे विचारले, की म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिल्याची कथा सांगतात. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ती मान्य नव्हती. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा मढे पाहिलेच नाही, हे बुद्धीला पटत नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी वेगळे कारण दिले आहे. ते कारण पाण्याचे आहे.

सिद्धार्थाचा जन्म इ. स. पू. ५६३ मध्ये लुंबिनी येथे शाक्य कुळात झाला. वडील शुद्धोदन. आई महामाया ही देवदहच्या कोलियांची लेक. शाक्य आणि कोलिय ही शेजारची राज्ये, आणि त्यांच्यामधून रोहिणी नदी वाहत होती. दोघांची शेती त्याच पाण्यावर. आधी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून दरवर्षी कुरबुर होई.

विसाव्या वर्षी सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद झाला. पुढे आठ वर्षांनी पाण्यावरून दोन्हीकडच्या चाकरांत मारामारी होऊन माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने उभे राहून विरोध केला. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली.

ठरावाप्रमाणे वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्याला शस्त्र धरणे भाग होते. सिद्धार्थाने नकार दिला. फाशी किंवा हद्दपारी देण्यात कोसलच्या राजाची अडचण होती. तेव्हा त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी सेनापतीने दिली. धम्मबांधवहो, बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. गावकीची कामे सोडली तेव्हा आपल्या कितीतरी वाडवडिलांवर हेच हत्यार उगारले गेले. आपल्यापायी घरच्यांना शिक्षा नको म्हणून सिद्धार्थाने परिव्राजक होऊन देश सोडण्याचे ठरवले. यशोधरेने धीराने संमती दिली. कपिलवस्तूत भारद्वाजाच्या आश्रमात, सर्वांसमक्ष, त्याने प्रव्रज्या घेतली. रात्री चोरून पळून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे राजगृहात त्याला बातमी कळली, की शाक्यांतल्या लोकांनीच युद्धाविरुद्ध चळवळ केली आणि कोलियांशी समेट झाला. आता घरी परतता आले असते. पण एक युद्ध टळले, तरी माणसामाणसांतले आणि वर्गावर्गांतले भांडण संपलेले नाही, हे त्याला दिसले. त्याचा उपाय शोधण्यासाठी तो पुढे गेला. पस्तिसाव्या वर्षी गया येथे संबोधी प्राप्त झाली. नंतर पंचेचाळीस वर्षे तथागतांनी गावोगाव धम्म सांगितला, आणि ऐंशीव्या वर्षी कुशिनारा येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

कर्जत-खालापूरच्या माणसाला पाण्याचे मोल ठाऊक आहे. आषाढात उल्हास आणि पाताळगंगा दुथडी भरून वाहतात, आणि वैशाखात वाडीवरची बाई हंडा घेऊन वणवण फिरते. घाटमाथ्यावरच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीत वीज होते आणि मुंबईला जाते. याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून पाण्यावरचा माणसाचा हक्क सांगितला. तेथेही हातात शस्त्र नव्हते.

म्हणून विहिरीवरून किंवा बांधावरून तंटा झाला, तर काठी काढण्याआधी दोन-दोन माणसे आणि पाचवा, ही सिद्धार्थाची रीत आठवावी. मात्र न्यायासाठी बहुमताविरुद्ध एकट्याने उभे राहण्याची वेळ आली, तर तेही करावे. वैशाखी पौर्णिमेला कोंढाण्याच्या लेण्यांकडे मुलांना घेऊन जाल, तेव्हा त्यांना रोहिणीची ही हकीकत अवश्य सांगा.