फ्रेदेरिक बास्तिया

क्लोद फ्रेदेरिक बास्तिया (इ.स. १८०१, बायोन – २४ डिसेंबर, इ.स. १८५०, रोम) हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ, लेखक व संसद सदस्य होते. खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते म्हणून ते ओळखले जातात. आज त्यांची गणना बहुधा उजव्या विचारवंतांत होते. फ्रान्सच्या संसदेत मात्र ते डावीकडील बाकांवर बसत असत.

आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने त्यांचा सांभाळ आजोबा व आत्याने केला. १८२५ साली म्युग्रों येथील वडिलोपार्जित शेती त्यांच्याकडे आली. पुढील जवळपास वीस वर्षे शेती, वाचन आणि स्थानिक न्यायाधीशाचे काम यांत गेली. १८४४ मध्ये आयात करांवरील त्यांचा लेख पॅरिसमधील एका अर्थविषयक नियतकालिकात आला व त्यांचे नाव सर्वत्र झाले. मेणबत्ती बनवणारे उत्पादक सूर्याच्या स्पर्धेविरुद्ध सरकारकडे दाद मागतात व सर्व खिडक्या बंद करण्याचा कायदा मागतात, हे त्यांचे उपहासात्मक निवेदन आजही वाचले जाते.

१८४८ च्या क्रांतीनंतर ते लांद विभागातून संविधान सभेवर निवडून आले. समाजवादी योजनांना त्यांचा विरोध होता, तरी समाजवादी नेते लुई ब्लां यांच्यावर खटला भरण्याच्या विरोधात त्यांनी मत दिले. १८४९ मध्ये कामगारांच्या संघटनांवरील बंदी उठवावी, अशी बाजू त्यांनी मांडली. मतदान कधी डाव्यांबरोबर तर कधी उजव्यांबरोबर का केले, याचा खुलासा त्यांना मतदारांपुढे करावा लागला. वस्तुतः त्यांची कसोटी एकच होती: कायद्याच्या बळावर एकाचे काढून दुसऱ्याला देणे ही लूटच होय, मग लाभ कारखानदाराला होवो वा कामगाराला. त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्यावर नाराज असत.

अराज्यवादी विचारवंत प्रुधों यांच्याशी व्याजाच्या न्याय्यतेवर त्यांचा दीर्घ वाद झाला. तो प्रुधों यांच्याच वृत्तपत्रात छापला गेला, ही बाब उल्लेखनीय आहे. राज्यसत्तेविषयी दोघेही साशंक होते. मतभेद मालमत्ता व भांडवल यांविषयी होता. ‘कायदा’ ही पुस्तिका १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले.

बास्तिया यांनी स्वतःला ‘लिबर्टेरियन’ म्हणवले नाही. राजकीय अर्थाने हा शब्द तेव्हा रूढच नव्हता. १८५७ साली जोझेफ देजाक या फ्रेंच अराज्यवाद्याने त्याचे फ्रेंच रूप योजले, तेही स्त्रियांच्या समतेच्या प्रश्नावर प्रुधों यांची कानउघाडणी करताना. देजाक खासगी मालमत्तेचे विरोधक होते. पुढे अमेरिकेत ‘लिबरल’ हा शब्द सरकारी हस्तक्षेपाच्या समर्थकांना लावला जाऊ लागला, तेव्हा खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांना वेगळ्या नावाची गरज भासली. १९५५ मध्ये डीन रसेल यांनी ‘लिबर्टेरियन’ हे नाव घ्यावे असे सुचवले. ‘कायदा’ या पुस्तिकेचा १९५० चा इंग्रजी अनुवाद याच रसेल यांचा आहे.