मूळ ग्रंथाच्या शोधातला गोमंतकीय

देवळाली कॅम्पातून वडनेर-पाथर्डीच्या रस्त्याने मुंबई-आग्रा महामार्गाकडे निघाले, की त्रिरश्मी डोंगर दिसू लागतो. या डोंगरातल्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. देवळालीच्या सॅनिटोरियममध्ये हवापालटासाठी येणाऱ्या मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी ती पाहिली आणि पांडवांनी वनवासात ती खोदली, ही समजूत घेऊनच बहुतेक जण परतले. वास्तविक लेणी कोणी खोदविली आणि कोणासाठी, हे त्यांच्या भिंतींवरच कोरलेले आहे. सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री आणि क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यांनी ती भिक्षुसंघाला दान दिल्याचे लेख तेथे आहेत. पण लेखांची भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. ती वाचणारे उरले नाहीत आणि लेणी पांडवांच्या नावावर गेली.

या लेखांवर १८७४ मध्ये निबंध लिहून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तो लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेला सादर केला. पुढे पंचवीस वर्षांनी याच भांडारकरांकडे पुण्यात एक तरुण आला. वय तेवीस, शालेय शिक्षण जेमतेम गावच्या मराठी शाळेपुरते, इंग्रजी नाही, संस्कृत नाही, खिशात पैसे नाहीत. त्याला बौद्ध धर्म मुळातून शिकायचा होता. धर्मानंद दामोदर कोसंबी हे त्याचे नाव.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी धर्मानंदांचा जन्म झाला. घरी नारळाची बागायत होती. तिची देखभाल करता करता हाती पडेल ते मराठी पुस्तक वाचणे एवढीच त्यांची विद्या. १८९७ मध्ये ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे एक छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि मनाने त्यांनी त्याच क्षणी गाव सोडले. प्रत्यक्षात बाहेर पडायला आणखी दोन वर्षे लागली. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले, तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती.

या गृहत्यागाची तुलना सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी करण्याचा मोह चरित्रकारांना होतो. बाळाबाईंच्या बाजूने पाहिले तर तो मोह ओसरतो. एकत्र कुटुंबात, नवऱ्याचा ठावठिकाणा नाही अशा अवस्थेत त्या माउलीने काढलेल्या सुमारे सात वर्षांचा हिशेब धर्मानंदांच्या विद्वत्तेच्या खात्यावर मांडायलाच हवा.

भांडारकरांनी आस्थेने विचारपूस केली. पण पाली शिकायची तर आधी संस्कृत हवे, म्हणून धर्मानंदांनी काशीची वाट धरली. अन्नछत्रात जेवायचे आणि दिवसभर शास्त्र्यांकडे कौमुदी घोकायची, असा तेथील क्रम. काशीतील शास्त्र्यांच्या दृष्टीने बौद्ध हे नास्तिक. त्यांच्याकडून व्याकरण मिळाले, बुद्ध मिळाला नाही. मग १९०२ मध्ये ते बुद्धाच्या शोधात नेपाळात गेले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. बोधगयेला त्यांना सांगण्यात आले, की मूळ ग्रंथ वाचायचे असतील तर सिंहलद्वीपाला जा.

अडचण नेमकी काय होती, हे आज समजून घेणे थोडे कठीण आहे. पालीला स्वत:ची अशी लिपी नाही. सिंहली भिक्षू ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मी भिक्षू ब्रह्मी लिपीत, सयामी भिक्षू त्यांच्या लिपीत. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १८८१ पासून हे ग्रंथ रोमन लिपीत छापायला घेतले होते, पण प्रस्तावना, टिपा आणि कोश सारे इंग्रजीत. ज्या भूमीत ही भाषा जन्मली, तेथील माणसाला वाचता येईल असा देवनागरीतील त्रिपिटक त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. म्हणजे एका मराठी माणसाला आपल्या शेजारच्या भाषेतील पुस्तक वाचण्यासाठी एक तर समुद्र ओलांडून सिंहली अक्षरे गिरवायला हवी होती किंवा साहेबाची भाषा शिकायला हवी होती. धर्मानंदांनी पहिला मार्ग पत्करला.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले. तेथील हवा, तेथील जेवण यांशी जमवून घेताना त्यांचे हाल झाले. पण लिपी आली आणि ग्रंथ उघडले. काशीचे संस्कृत येथे कामी आले. पाली ही संस्कृत जाणणाऱ्याला अनोळखी वाटत नाही आणि मराठी माणसाला तर ती अधिकच जवळची. संस्कृत हस्त आणि मराठी हात यांच्या मध्ये पालीतील हत्थ उभा आहे. सप्त आणि सात यांच्या मध्ये सत्त, अष्ट आणि आठ यांच्या मध्ये अट्ठ, दुग्ध आणि दूध यांच्या मध्ये दुद्ध. पाली वाचताना मराठी वाचकाला जुन्या वाड्यातली, पूर्वी कधी तरी पाहिलेली खोली उघडल्यासारखे वाटते.

मात्र या जवळिकीतच फसगत असते. वेदना या शब्दाने आपल्याला दु:खच आठवते. पालीत सुखाची वेदना असते, दु:खाची असते आणि दोन्ही नसलेलीही असते. विञ्ञाण दिसले की विज्ञान सुचते, तेथे अर्थ आहे जाणीव. धम्म या एकाच शब्दाला शिकवण, स्वभाव आणि मनात उमटणारी कोणतीही गोष्ट असे वेगवेगळे अर्थ प्रसंगानुसार येतात. अगदी परकी भाषा शिकणारा प्रत्येक शब्दाला कोश उघडतो. सख्खी भाषा वाचणारा उघडत नाही आणि तेथेच चुकतो. यावर उपाय एकच, वाचत राहणे. एकच शब्द पन्नास सुत्तांत पन्नास ठिकाणी भेटला, की त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. भिक्षूंच्या विहारांत शिक्षणाची रीतही हीच होती. मूळ पाठ, त्यावरची अट्ठकथा, त्यावरची टीका, सारे पालीतच. शब्दाचा अर्थ त्याच भाषेतील दुसऱ्या शब्दाने सांगायचा. अशी शिकवण घेतलेला मनुष्य भाषांतर करून वाचत नाही, नुसता वाचतो.

सिंहलद्वीपाहून मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशात गेले, तेथे भिक्षूची उपसंपदा घेतली आणि दुसरी लिपीही आत्मसात केली. या काळात त्यांच्यासोबत न्यानतिलोक हे जर्मन भिक्षू होते. दोघांनी सगाईंगच्या डोंगरातील गुहांत ध्यानाचा अभ्यास केला. हे न्यानतिलोक पुढे १९२० ते १९२६ या काळात जपानमध्ये अध्यापन करीत होते आणि ‘विसुद्धिमग्गा’चा जर्मन अनुवाद त्यांच्या नावावर आहे. एक गोव्याचा, एक जर्मनीचा. दोघांच्याही मातृभाषेत हे ग्रंथ नव्हते आणि ब्रह्मी अक्षरांतील पोथी हाच दोघांमधला दुवा होता.

१९०६ मध्ये धर्मानंद परत आले. चीवर उतरवले, घरी गेले, संसार पुन्हा मांडला. १९०७ मध्ये मुलगा झाला. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेला दामोदर धर्मानंद. कलकत्त्यात राष्ट्रीय महाविद्यालयात आणि विद्यापीठात पाली शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. येथे त्यांनी एक निर्णय घेतला, जो व्यवहाराच्या चौकटीत बसत नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना देऊ केले होते महिना पन्नास रुपये. अट एवढीच, की महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्ता विद्यापीठ अडीचशे रुपये द्यायला तयार होते. धर्मानंदांनी पन्नास रुपये पसंत केले. त्यांना मराठीत लिहायचे होते. ज्या मुलाला ‘बालबोध’मधल्या चार पानांवर भागवावे लागले, त्याच्यासारख्या वाचकासाठी लिहायचे होते, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

मुंबईत आणि पुण्यात त्यांच्याकडे पाली शिकायला आलेल्यांत हार्वर्ड विद्यापीठाचे जेम्स वुड्स हे प्राध्यापक होते. त्यांच्यामुळे १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले. तेथे हेन्री क्लार्क वॉरन यांनी बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्गा’ची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती, १८९९ मध्ये वॉरन वारले आणि काम अर्धवट राहिले. सिंहली आणि ब्रह्मी दोन्ही परंपरांच्या पोथ्या ताडून पाहणारा माणूस हार्वर्डला हवा होता. धर्मानंदांनी काम केले, पण ग्रंथावरील श्रेयाच्या प्रश्नावरून ग्रंथमालेचे संपादक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परत आले. या एका ग्रंथासाठी त्यांना एकूण चार वेळा अमेरिकेची वारी करावी लागली. १९१८ च्या वारीत त्यांनी मुलांनाही बरोबर नेले; माणिक तेथे रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली.

मधल्या सहा वर्षांत, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. महाराष्ट्रातील पालीच्या अध्ययनाचा पाया या सहा वर्षांत घातला गेला. पु. वि. बापट आणि चिं. वै. राजवाडे हे त्यांचेच विद्यार्थी. ‘दीघनिकाया’चा मराठी अनुवाद राजवाडे यांनी केला. पुढे गुजरात विद्यापीठ, १९२९ मध्ये लेनिनग्राड, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातील तुरुंगवास, परळच्या गिरणगावातील बहुजन विहार असा त्यांचा प्रवास चालू राहिला. कोठेही फार काळ ते थांबले नाहीत, हा त्यांचा स्वभावदोष म्हणावा की गुण, हे ठरविणे अवघड आहे.

मुळातून वाचण्याने काय साधते, याचे उत्तर मात्र त्यांच्या दोन पुस्तकांच्या तुलनेत सापडते. १९१४ च्या ‘बुद्धलीलासारसंग्रहा’त बुद्धाची कथा परंपरेने सांगितली तशी, चमत्कारांसह येते. सुमारे पाव शतकानंतरच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ते जुन्या सुत्तांनाच साक्षीला बोलावतात. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून वैराग्य आले, मध्यरात्री झोपलेल्या पत्नीचा आणि बाळाचा निरोप न घेता राजपुत्र घोड्यावरून निघाला, ही कथा शाळेच्या पुस्तकांतून आपल्या सर्वांच्या मनात रुतलेली आहे. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वत: आपल्या गृहत्यागाविषयी सांगतात, तेथे यातले काहीच नाही. आईवडिलांची संमती नव्हती, ते रडत होते, त्यांच्या देखत केस उतरवून आपण घर सोडले, एवढाच आशय तेथे आहे. चोरून जाणे नाही, मध्यरात्र नाही.

याच्या पुढे जाऊन, सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे धर्मानंदांनी गृहत्यागाचा संबंध शाक्य आणि कोलिय यांच्यातील कलहाशी जोडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही रोहिणी नदीच्या पाण्यावरील हा तंटा गृहत्यागाचे कारण म्हणून येतो. त्या सुत्तात शाक्य-कोलियांचे नाव नाही; ते नाते अट्ठकथेने जोडलेले आहे. तेव्हा धर्मानंदांचा हा निष्कर्ष सर्वांना मान्य होण्याजोगा नाही. पण पहिला मुद्दा, आईवडिलांच्या देखत झालेल्या गृहत्यागाचा, नाकारता येत नाही. सुत्त उघडून कोणीही पाहावे. ‘बालबोध’मधल्या चरित्राने ज्यांना घराबाहेर काढले, त्यांनीच चाळीस वर्षांच्या वाचनानंतर त्या प्रकारच्या चरित्राला दुरुस्ती सुचवली. स्वत: मागे सोडून आलेल्या माणसांची आठवण ही पाने लिहिताना त्यांना झाली असेल काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिल्याशिवाय राहत नाही.

उत्तरायुष्यात ते केवळ पालीचे वाचक उरले नव्हते. ‘अभिधम्मत्थसंगह’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथांवर त्यांनी स्वत: पालीत टीका लिहिल्या, जशा जुन्या काळी सिंहलद्वीपातले आचार्य लिहीत. ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. ज्या ग्रंथासाठी त्यांना दोन लिप्या शिकाव्या लागल्या, तो आता साखवाळच्या शाळेतल्या मुलालाही निदान अक्षरओळखीपुरता वाचता येणार होता. संपूर्ण त्रिपिटक देवनागरीत येण्यास आणखी काळ गेला. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा आवृत्ती १९५६ पासून निघू लागली. पुढे देवळालीहून मुंबईकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावरील इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने ब्रह्मदेशातील सहाव्या संगायनाचा पाठ अट्ठकथांसह देवनागरीत छापला आणि संगणकावरही आणला.

धर्मानंदांनी यातले काही पाहिले नाही. प्रकृती ढासळल्यावर, आता आपल्या हातून काही काम होणार नाही असे वाटून त्यांनी अन्नत्यागाने देह ठेवण्याचे ठरवले. गांधीजींनी एकदा त्यांना या निश्चयापासून परावृत्त केले होते. दुसऱ्या वेळी ते ठाम राहिले. सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी, सत्तराव्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. हार्वर्डची ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ती वॉरन आणि कोसंबी अशा दोघांच्या नावांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली.