तारा आखूड करणारा माणूस

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. असा पाऊस आधी कळावा म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 2018 मध्ये ‘प्रत्युष’ महासंगणक बसला. तो क्रे कंपनीचा. हे नाव सेमूर क्रे यांचे.

क्रे यांचा जन्म 28 सप्टेंबर 1925 चा, अमेरिकेतल्या चिप्पेवा फॉल्स या लहान गावातला. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे. त्यांचा 1964 चा सीडीसी 6600 जगात सर्वांत वेगवान ठरला. विशेष म्हणजे, प्रयोगशाळा त्यांनी आपल्या गावीच थाटून घेतली होती. आडगावात मोठे काम होत नाही असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

1976 चा क्रे-1 घोड्याच्या नालेसारखा गोल होता, तो दिसायला छान म्हणून नव्हे. एका नॅनोसेकंदात संकेत तारेतून फूटभरही जात नाही. म्हणून आतली एकही तार चार फुटांपेक्षा लांब ठेवली नव्हती. मोजकेच पण ताकदवान प्रोसेसर आणि सर्वांना एकच मेमरी, ही त्यांची श्रद्धा. हजारो छोट्या प्रोसेसरांची कल्पना त्यांना पटत नसे.

पण ओपीडीत डॉक्टर वीस आणि औषधाची खिडकी एक असेल तर रांग लागणारच. प्रोसेसरमधले कोअर वाढले तसे तेच झाले. उपाय निघाला तो मेमरी वाटण्याचा. कोअरच्या प्रत्येक गटाला जवळची मेमरी द्यायची. हा झाला एक नोड. दुसऱ्या नोडची मेमरीही वाचता येते, पण वेळ जास्त लागतो. भामरागडच्या रुग्णालयातले औषध हाताशी असते, गडचिरोलीच्या भांडारातले मागवावे लागते, तसेच हे. त्यामुळे माहिती जिथे आहे तिथेच काम चालवण्याची दक्षता ऑपरेटिंग सिस्टिमला घ्यावी लागते. काम दुसऱ्या नोडवर गेले आणि माहिती मागेच राहिली, तर तेच यंत्र मंदावते. ‘प्रत्युष’मध्येही प्रत्येक प्रोसेसरला आपली जवळची मेमरी होती.

1995 मध्ये क्रे यांची नंतरची कंपनी दिवाळखोरीत निघाली. सत्तरीत त्यांनी मत बदलले, नवी कंपनी काढली आणि अनेक प्रोसेसरांच्या यंत्राचा आराखडा हाती घेतला. भर होता तो प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली देवाणघेवाण वेगवान करण्यावर. 22 सप्टेंबर 1996 रोजी कोलोरॅडोत त्यांच्या गाडीला अपघात झाला, डोक्याला जबर मार लागला. एकाहत्तरावा वाढदिवस रुग्णालयातच गेला. 5 ऑक्टोबरला ते वारले, तेव्हा आराखड्याचे काम नुकतेच सुरू झाले होते.