कमलादेवी चट्टोपाध्याय : कारीगराच्या हाताची किंमत ओळखणारी बाई

नालासोपाऱ्याच्या चाळींतून दुपारच्या वेळी चाललं की दर तिसऱ्या-चौथ्या दाराआड लाकडी अड्डा लावलेला दिसतो. ताणलेल्या कापडावर टिकल्या, मोती, कटदाना, दबका टाकण्याचं काम चालू असतं. मजुरी नगावर. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या अम्मी हेच काम करतात. पालकसभेला आलेल्या एका अम्मीला आम्ही विचारलं की आपण काय करता. काही नाही, घरीच असते, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं सुईने खरखरीत झालेली होती. आम्ही वहीत व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी असं लिहिलं आणि पुढच्या पालकांना बोलावलं. नंतर मात्र ते 'काही नाही' बरेच दिवस डोक्यात राहिलं.

या 'काही नाही'शी आयुष्यभर भांडलेली एक बाई आपल्याच किनाऱ्यावर होऊन गेली. कमलादेवी चट्टोपाध्याय. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव आलंच तर मिठाच्या सत्याग्रहात येतं. त्यांनी त्याहून मोठं काम स्वातंत्र्यानंतर केलं, आणि ते आपल्या मुस्लिम कारीगर घरांच्या अगदी जवळचं आहे.

कमलादेवींचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूरला, कोकणी बोलणाऱ्या सारस्वत घरात झाला. वडील अनंतय्या धारेश्वर सरकारी अधिकारी होते. आई गिरिजाबाई शिकलेल्या आणि करारी. कमला लहान असतानाच वडील वारले. मृत्युपत्र नव्हतं, आणि तेव्हाच्या कायद्याने मालमत्ता सावत्र भावाकडे गेली. आई-मुलीच्या हाती जवळपास काही राहिलं नाही. चौदाव्या वर्षी लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य कसं जायचं हे सांगायला नको. पण गिरिजाबाईंनी मुलीला शिकायला पाठवलं. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात त्यांची ओळख सरोजिनी नायडूंच्या घरातल्या मंडळींशी झाली. सरोजिनीबाईंचे धाकटे भाऊ हरींद्रनाथ कवी आणि नाटकवाले. त्यांच्याशी कमलादेवींनी दुसरं लग्न केलं. विधवेचं लग्न, तेही जातीबाहेर, म्हणजे बोलणाऱ्यांना दुहेरी निमित्त. हा संसार पुढे टिकला नाही, घटस्फोट झाला. मुलगा राम याला आईनेच वाढवलं. नाटकात तर त्या होत्याच, काही चित्रपटांतही दिसल्या, कुंदनलाल सैगल यांच्या 'तानसेन'मध्ये सुद्धा.

राजकारणाची हकिकत थोडक्यात सांगतो. १९२६ मध्ये त्या मद्रास प्रांताच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी हरल्या. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद सुरू झाली, तिच्या संघटनेचं काम त्यांच्याकडे आलं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात बायकांनी उतरू नये असं गांधीजींचं मत होतं. कमलादेवींनी त्यांना गाठून आपलं म्हणणं पटवलं. मुंबईत मीठ तयार करणाऱ्या पहिल्या तुकडीत त्या आणि अवंतिकाबाई गोखले अशा दोन बायका होत्या. त्याच मिठाच्या पुड्या त्यांनी शेअर बाजारात नेऊन विकल्या. तुरुंगवास अनेकदा झाला. पुढे समाजवादी पक्षात युसूफ मेहेरअली त्यांचे सहकारी होते, आणि १९३६ च्या मेरठ अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या.

मग आलं १९४७. फाळणीच्या गर्दीतून सरहद्द प्रांतातली बन्नू, कोहाट, डेरा इस्माईल खान इकडची हजारो हिंदू-शीख माणसं दिल्लीत तंबूंत येऊन पडली. तिकडे आपले कितीतरी लोकही असेच घरदार सोडून दुसऱ्या दिशेने निघाले होते. स्वातंत्र्यानंतर पुढाऱ्यांना पदं मिळत होती, कमलादेवी मात्र छावणीत गेल्या. १९४८ मध्ये त्यांनी इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन स्थापली. निर्वासितांना फुकट धान्य देत राहिलं तर ती माणसं कायमची हात पसरतील, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्याकडे काम आहे, ते बाहेर काढा. सहकारी तत्त्वावर वस्ती उभी राहिली, घरं लोकांनी स्वतः बांधली. आजचं फरीदाबाद शहर त्या वसाहतीतून वाढलं आहे. छावण्यांमधल्या पंजाबी बायकांच्या पेट्यांतून फुलकारी निघाली. दागिने वाटेत गेले होते, आईने भरलेली ओढणी मात्र सोबत आली होती.

त्याच १९४८ साली तिकडे पॅलेस्टाईनमध्ये सात लाखांवर माणसं गावं सोडून निघाली. त्यांच्या बायकांच्या अंगावरही भरतकामच होतं. त्या पायघोळ पोशाखाला थोब म्हणतात आणि भरतकामाला ततरीझ. थोब पाहून बाई कुठल्या गावची ते कळायचं. रामल्लाहचा पांढऱ्या कापडावर लाल फुलीटाका वेगळा, बेथलेहेमच्या छातीवरच्या तुकड्याला सोनेरी आणि रेशमी दोरी, मजदलच्या मागावरचं कापड त्याहून निराळं. आपल्या वसईत लाल लुगडं दिसलं की सामवेदी बाई, आणि नेसण्याची तऱ्हा पाहून कोळीण ओळखू येते, तसंच समजा. निर्वासितांच्या छावण्यांत ही गावं एकमेकांत मिसळली, नमुनेही मिसळले. कित्येकींनी रेशनसाठी थोब विकले. नंतर त्याच सुईने पोट भरायला सुरुवात झाली. समीहा खलील या बाईंनी १९६५ मध्ये अल-बिरे इथे इनआश अल-उसरा ही संस्था काढली आणि बायकांना घरबसल्या भरतकामाची मजुरी मिळवून दिली. १९८७ च्या इंतिफादात झेंडा फडकवायला बंदी होती, तेव्हा बायकांनी झेंड्याचे रंग आणि देशाचा नकाशा थोबवर भरला. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने ततरीझचा मानवजातीच्या वारशात समावेश केला.

कमलादेवी आणि समीहाबाई यांची गाठ पडली होती असं आम्ही म्हणत नाही. पण दोघींना एकच गोष्ट कळली होती. उखडलेल्या माणसाकडे जमीन राहत नाही, हातातलं काम राहतं.

१९५२ मध्ये भारत सरकारने अखिल भारतीय हस्तकला मंडळ नेमलं आणि कमलादेवी त्याच्या अध्यक्षा झाल्या. त्यानंतर ही बाई कार्यालयात कमी आणि गावोगाव जास्त दिसू लागली. कुठे एखादा म्हातारा शेवटचाच उरला आहे असं कळलं की त्याच्या दारात जायचं, त्याच्याकडे चार पोरं शिकायला बसवायची. श्रीकालहस्तीची कलमकारी अशीच बुडता बुडता वाचली, १९५७ मध्ये तिथे प्रशिक्षण केंद्र निघालं. दिल्लीचं सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम त्यांच्या युनियनने हाती घेऊन नावारूपाला आणलं. १९६५ पासून कारीगरांना राष्ट्रीय पुरस्कार देणं सुरू झालं, त्यामागे त्यांचाच आग्रह होता. हा मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. विणकर, ठठेरा, जरदोज यांची नावं तोवर कुठे लिहिली जायची? शालीवर व्यापाऱ्याचं नाव, महालावर बादशहाचं. आपल्याकडेच बघा, औरंगाबादचा हिमरू सगळ्यांना माहीत, पण तो विणणाऱ्या एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का?

लखनौची चिकनकारी, बनारसचं कापड, कच्छचं भरत, काश्मिरी सोजनी, जरदोजी यांतला मोठा भाग मुस्लिम हातांनी चालतो. कमलादेवींनी हे हिंदूंचं आणि ते मुसलमानांचं अशी वाटणी केली नाही. भारतीय भरतकामावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. १९६४ मध्ये क्राफ्ट्स कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन केली, त्याच वर्षी जागतिक हस्तकला परिषदेच्या स्थापनेतही त्या होत्या. १९६६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९८७ मध्ये पद्मविभूषण.

एक तक्रार मात्र आम्ही नोंदवणार. एम्पोरियमच्या काचेआड वस्तू पोचली, पण तिची किंमत कारीगराच्या घरापर्यंत पूर्ण पोचली नाही. मंडळं सरकारी झाली, मधले दलाल राहिलेच. हे कमलादेवींनाही ठाऊक होतं, म्हणून तर त्या सुरुवातीपासून सहकारी संस्थेचा हट्ट धरत होत्या. कारीगरांनी माल स्वतः विकावा, हिशेब स्वतः ठेवावा. हा अर्धा भाग मागे पडला आणि प्रदर्शनाचा भाग तेवढा पुढे गेला. आमच्या नालासोपाऱ्यात भरलेला दुपट्टा बाजारात कितीला जातो हे भरणाऱ्या बाईला बहुधा माहीतच नसतं.

२९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत कमलादेवींचं निधन झालं. वय ८५ वर्षांचं होतं.

या वर्षी आम्ही सातवीच्या मुलींना प्रकल्प दिला. अम्मी, खाला, नानी कुणीही असो, त्या जे टाके घालतात त्यांची नावं विचारून लिहून आणा, आणि एक नग पुरा करायला किती तास लागतात तेही लिहा. मुली आरी, दबका, सलमा, कटदाना, गोटा असे शब्द घेऊन आल्या. काही शब्द आमच्या उर्दू लुगतीत सापडले नाहीत. एका मुलीने तास लिहिले होते अकरा, आणि त्याखाली, कुणी विचारलं नसताना, अम्मीचं पूर्ण नाव.